ढावलो आणि क्लारनेट

नाटक कंपनीत जाण्याआधी मी चारचौघांत एकदाच गायले होते, माझ्या स्वतःच्या लग्नात. आमच्या बंजारा तांड्यांमध्ये नवरी सासरी निघाली की ढावलो म्हणते. ते गाणंही असतं आणि रडणंही. आईच्या गळ्यात पडायचं, मग बापाच्या, भावाच्या, शेजारणीच्या, आणि ज्याच्या गळ्यात पडायचं त्याला सूर धरून सांगायचं की मी चालले. लग्नाआधी म्हाताऱ्या बायका नवरीला समोर बसवून शिकवतात, पण अर्धे शब्द तिनं त्या वेळी तिथेच जुळवायचे असतात. माझा ढावलो ऐकून पुरुषसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले होते, असं याडी, म्हणजे माझी आई, नंतर बरेच दिवस सांगायची.

पुढे तिनं ते सांगणं सोडलं, कारण मी परत आले. नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. त्या घरात दोघींना पुरेल अशी जागा नव्हती, आणि भाकर त्याहून कमी. मी सतरा वर्षांची असेन. तांड्यात मला कोणी वाईट बोललं नाही. कोणी बोलतच नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं, आणि मी अंगणात दिसले की पाहुणे बिचकतात असं बापाला वाटायचं. म्हणून पाहुणे आले की मी मागच्या बाजूला बैलांपाशी जाऊन बसायची.

ते छप्पन्न साल. कापूस निघाला होता. बाप गाडी भरून दिग्रसला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचा. एका खेपेला भाऊ तापानं पडला म्हणून मी सोबत गेले. जिनाच्या फाटकाबाहेर गाड्यांची लांब रांग लागली होती. बैल सोडून बाप पुढे चौकशीला गेला आणि मी गाडीत कापसावर पडून राहिले. गुणगुणता गुणगुणता आवाज कधी मोठा झाला ते मला कळलं नाही. गाणं थांबलं तेव्हा गाडीजवळ एक टोपीवाला माणूस पान चघळत उभा होता.

"कोणाची वं तू?" त्यानं विचारलं.

"बापाची," मी म्हणाले.

तो हसला आणि बाप येईपर्यंत तिथेच थांबला. तो फिरत्या नाटक कंपनीचा मालक होता. कापसाच्या हंगामात लोकांच्या हातात पैसा असतो म्हणून त्यानं दिग्रसला तंबू ठोकला होता, आणि त्याची गाणारी नटी मागच्याच मुक्कामाला कंपनी सोडून गेली होती.

"पोरगी कंपनीत द्या," तो बापाला म्हणाला. "जेवन-कपडा आमचा, वरून पगार."

"आमच्या बाया बाहेर नाचत नाहीत."

"नाचाचं कोन म्हन्ते? गाऊन राह्यली होती थे, तसंच गावं म्हना."

रिकामी गाडी जुंपून बाप घरी निघाला. घरी आल्यावर त्यानं याडीला सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. आम्ही घरात गोर बोली बोलायचो. इथे मराठीत लिहिते आहे, पण तिचं बोलणं मला अजून त्याच बोलीत ऐकू येतं.

"जाऊ दे तिला," याडी म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"आता काय म्हणतात?"

बाप उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा याडीनं फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून दिली. ती माझ्या गळ्यात पडेल असं मला वाटत होतं. तिनं फडक्याची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि आत गेली.

कंपनीत आल्यावर माझ्या भाषा वाढल्या. घरची गोर बोली होती, बाजारातली वऱ्हाडी होती, हिंदी कानावर होतीच. आता नाटकाची मराठी शिकावी लागली. मालक स्वतः "म्हन्ते" आणि "पानी" म्हणायचा, पण मी राणीच्या तोंडी "मले" म्हटलं की अंगावर धावून यायचा. "राणी ‘मला’ म्हन्ते! किती खेपा सांगू?" पैनगंगेपलीकडच्या गावांत मुक्काम पडले तेव्हा मी दोनतीन तेलुगू गाणी उचलली. अर्थ विचारायला सवड नसायची. आवाज ऐकायचा, तसाच्या तसा काढायचा.

पायपेटी मालकाचा भाऊ वाजवायचा. तबल्यावर एक उतारवयाचे गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. आणि क्लारनेटवर होता मास्तर. तो गोव्याकडचा ख्रिस्ती. कोपरावर झिजून चकाकणारा काळा कोट तो उन्हाळ्यातही काढत नसे. तरुणपणी तो मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत साहेबलोकांच्या नाचासाठी वाजवायचा. साहेब गेले, मग दारूबंदी आली, हॉटेलांनी वाजवणारे कमी केले. तो सर्कशीच्या बँडमध्ये गेला, सर्कस अमरावतीत बुडाली, आणि तिथून तो आमच्याकडे आला. मुंबईची हिंदी बोलायचा, चिडला की कोकणी, आणि एकटा असला की इंग्रजी. मला तो बाय म्हणायचा.

त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. मालकाच्या डोक्यात त्यावरून एक गोष्ट आली. "आता आपन मुंबईवाले झालो," तो म्हणाला. "लोकायले मुंबई दाखवा लागन." त्यानं एक फार्स बसवला. वऱ्हाडातला शेतकरी मुंबईच्या हॉटेलात जातो, तिथे मडम इंग्रजी गाणं गाते आणि तिला बघून हा घेरी येऊन पडतो. मडम मी. जुन्या पडद्याच्या कापडाचा फ्रॉक शिवला. इंग्रजी गाणं मास्तरनं शिकवायचं ठरलं.

मालकाला गाणं कसंही चाललं असतं, नुसतं फाडफाड केलं असतं तरी. पण मास्तरनं मला ते खरं शिकवलं. एकेक शब्द तो माझ्या तोंडात बसेपर्यंत म्हणवून घ्यायचा. मग ठेका. "बाय, ठेके पे मत गिर," तो म्हणायचा. "थोडा पीछे रह. लोगों को लगना चाहिए कि तू आनेवाली नहीं. और फिर तू आ गई." चाचांना ते मुळीच पटत नव्हतं. "लडकी बेताल है," ते सरळ म्हणायचे आणि तबल्यावरून हात उचलून बसायचे. मग एका तालमीत मी मागे राहून बरोबर समेवर आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली.

फार्स चालला. पुसद, उमरखेड, ढाणकी, जाऊ तिथे लोक त्याच्यासाठी यायचे. मालकानं जाहिरातीवर छापलं, ‘वऱ्हाडची मडम’. मी तोंड उघडलं की पहिल्या सुरालाच तंबूत हशा पिकायचा. मला ते गाणं फार आवडायचं. त्याचे शब्द मला कळत नव्हते, पण गाताना छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. ते लोकांना ऐकू जात नव्हतं. त्यांना फ्रॉक दिसत होता. सुरुवातीला मला वाटलं, मी अजून चांगलं गायले तर हसणार नाहीत. मी अजून चांगलं गायले. ते अजून हसले. मालकानं मला नवीन चपला घेऊन दिल्या.

ढाणकीच्या मुक्कामात एका दुपारी मी विहिरीवर तो फ्रॉक धूत होते. आसपास कोणी नव्हतं. हात चालू होते आणि तोंडात ढावलो आला, लग्नातला नव्हे, असाच, कुठून तरी मधूनच. मागे मास्तर उभा होता.

"बाय, ये क्या है?"

"काही नाही. आमच्याकडचं रडगाणं आहे."

"फिरसे गा."

"असं उगाच गात नसतात ते."

त्यानं ऐकलं नाही. बिऱ्हाडी जाऊन क्लारनेट घेऊन आला, त्याच्या तोंडाची बोरूची पट्टी जिभेनं ओली केली आणि मी जिथे आवाज घसरवला होता ती जागा वाजवली. मी कपडे तसेच टाकून उभी राहिले. ढावलोत एक सूर असा आहे की तो पायपेटीत नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडतो. मालकाच्या भावानं एकदा तो शोधून पाहिला होता आणि म्हणाला होता, तू बेसूर आहेस. मास्तरनं तो फुंकरीनं वाकवून बरोबर काढला.

मग त्यानं मला सांगितलं की मुंबईत त्याच्या हॉटेलात काही वर्षं अमेरिकेतले काळे वादक होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला शिकवलं. त्या लोकांचे आजे-पणजे गुलाम होते, कापसाच्या शेतांत राबायचे, आणि तिथे जे गायचे त्यातून हे सगळं निघालं. "उनका भी सुर ऐसेच गिरता," मास्तर म्हणाला. "पर वो लोग पुराना गा के बैठे नहीं. उसमें अपना बनाया. तू भी बना."

"माझं काय असणार गाणं?"

"जो हुआ वो बोल."

मला हसू आलं. जे झालं ते गाण्यात सांगण्यासारखं नव्हतं. नवऱ्यानं टाकलं, बापानं पाठवलं, फ्रॉक घालून लोकांना हसवते, यात गाणं कुठे होतं? पण तो मागेच लागला. पावसाळ्यात कंपनी बसून असायची. आम्ही यवतमाळच्या एका धर्मशाळेच्या पडवीत पडून राहायचो. तिथे आमचं काम सुरू झालं. मी एक ओळ म्हणायची, मास्तर ती वाजवायचा आणि विचारायचा, पुढे? पुढे काही नसलं की तो सोडत नसे. एक ओळ वऱ्हाडीत यायची, दुसरी गोर बोलीत, आणि जिथे दोन्हींत जमलं नाही तिथे हिंदी. मी विचारलं, कोणत्या भाषेत ठेवू? तो म्हणाला, तू कोणत्या भाषेत विचार करतेस? मी म्हणाले, जी जवळ असेल तिच्यात. "फिर वैसाच रख," तो म्हणाला.

पहिलं गाणं दिग्रसच्या जिनाबाहेरचं झालं.

कापूस उतरला, गाडी रिती झाली,
याडी, आता मी कुठं उतरू?

चाचांनी सुरुवातीला नको म्हटलं. हा कुठला ताल, म्हणाले. मग एक दिवस भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्यांनी डग्ग्यावर नुसत्या डाव्या हातानं काहीतरी धरलं, बैलगाडी चढावर चालते तसं, आणि मास्तरनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे चार गाणी झाली. एक बहिणीवर होतं, एक फ्रॉकवर, आणि एकाला शब्दच नव्हते, मी आणि क्लारनेट एकमेकांना उत्तरं देत जायचो. धर्मशाळेत उतरलेले वाटसरू कधी थांबून ऐकायचे, कधी आपलं गाठोडं उचलून पलीकडे जायचे. त्या दिवसांत मी सुखात होते. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

मास्तर मालकाच्या मागे लागला की ही गाणी एकदा प्रयोगात घ्या. मालक टाळत राहिला. शेवटी हंगामात, दिग्रसच्याच मुक्कामात, तो हो म्हणाला. "एक गाणं. लोक उठले तर लगेच मडम आनजो."

मी फ्रॉक न घालता आमच्याकडचा घागरा, फेटिया म्हणतो आम्ही, तो घालून उभी राहिले. आजूबाजूच्या तांड्यांमधून कापूस घेऊन आलेले बरेच लोक त्या दिवशी तंबूत होते. बायकांच्या बाजूला याडी बसलेली मला दिसली. मी निघून गेल्यावर ती पहिल्यांदाच आली होती. बापही आला असणार, पण मला दिसला नाही. चाचांनी धरलं, मास्तरनं वाजवलं, आणि मी सुरू केलं.

पहिली ओळ लोकांनी ऐकून घेतली. दुसऱ्या ओळीत याडीला हाक घातली आणि आवाज त्या जागी घसरला, तेव्हा आमच्या लोकांना कळलं की हा ढावलो आहे. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. एका म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. मग पुरुषांत कोणीतरी उभं राहून गोर बोलीत ओरडलं, "लाज सोडली काय?" आणि तांड्याचे लोक एकामागून एक उठले. बाकीच्यांना काय चाललंय ते कळेना. त्यांना वाटलं, गाणं आवडलं नाही म्हणून लोक चालले. तेही ओरडू लागले, "मडम! मडम आना!" मास्तर वाजवत राहिला. मीही थोडा वेळ गात राहिले, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मालकानं पडदा पाडला. मी आत जाऊन फ्रॉक चढवला आणि बाहेर येऊन इंग्रजी गाणं म्हटलं. लोक खूश झाले.

सकाळी याडी तंबूच्या मागे आली. मी तिला बसायला गोणपाट टाकलं. ती बसली नाही.

"काल तू कोणाच्या गळ्यात पडून गात होतीस?" तिनं विचारलं.

"कोणाच्या नाही."

"मग तो ढावलो कसा?"

"तो माझा आहे, याडी. मी केला."

"ढावलो कोणी करत नसतं. माणूस सोडताना तो येतो. आणि समोर माणूस लागतं, धरायला. तू तंबूतल्या लोकांना सांगत होतीस. धरलं का तुला कोणी?"

मी गोणपाट उचलून त्याची घडी घातली.

"बहिणीचं जमलं होतं," ती म्हणाली. "मुलाकडचेही होते काल तंबूत."

एवढं सांगून ती गेली. ते लग्न मोडलं. पुढच्या वर्षी बहिणीला एका बायको मेलेल्या माणसाला दिली, मोठ्या वयाच्या. मला ते नंतर बाजारात तांड्यातल्या एका बाईकडून कळलं. बहीण खूप रडली म्हणे. ढावलो मात्र तिनं म्हटला नाही. तोंड घट्ट मिटून गाडीत बसली.

मास्तरला मी सांगितलं की आता हे पुरे. तो म्हणाला, तुझ्या लोकांना नाही आवडलं तर दुसरे लोक असतील. त्याचा यावर खरंच विश्वास होता. त्यामुळे मीही थोडा ठेवला.

नवं राज्य झालं त्या वर्षी, म्हणजे साठ साली, एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस यवतमाळला आला. गावोगावची गाणी शोधत फिरत होता. मालकानं ओळख काढून आम्हांला त्याच्यासमोर नेलं. तो लॉजवर उतरला होता. दुपारची वेळ, बाहेर ऊन, खोलीत पंखा फिरत होता. मी कापसाचं गाणं म्हटलं, मग ते बिनशब्दांचं. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मला आशा वाटली.

"आवाज आहे," तो म्हणाला. "पण हे आहे काय?"

"गाणं," मी म्हणाले.

"ते कळलं हो. कसलं? बंजारा म्हणावं तर मधे हिंदी येतं. मराठी भावगीत म्हणावं तर सूर असे वाकडे. इंग्रजी बाजाचं म्हणावं तर शब्द बैलगाडीचे. दुकानदार हे कुठे ठेवणार? मी रेकॉर्डवर लिहू काय?"

"इसका नाम लिखो," मास्तर म्हणाला.

तो माणूस हसला. वाईट नव्हता तो. समजावल्यासारखं म्हणाला, "इंग्रजी गाणाऱ्या मुंबईत पुष्कळ पडल्या आहेत, बाई. तुम्ही तुमच्याकडचं जुनं काही म्हणा. डफावर, साधं. क्लारनेट नको. चांगलं असलं तर घेतो."

मालक मला डोळ्यांनी खुणावत होता, म्हण. मी जुना ढावलो म्हणायला तोंड उघडलं. समोर तो माणूस रुमालानं मान पुसत बसलेला. त्याला मी काय सांगणार होते? मी चालले म्हणून? याडीनं विचारलं होतं ते आठवलं आणि घशातून आवाजच निघाला नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच. त्यानं पाणी मागवलं. मी प्यायले आणि उठले.

नवीन गाणं कोणाला नको होतं, आणि जुनं माझ्याकडे राहिलं नव्हतं.

त्यानंतर मास्तरच्या दातांनी दगा दिला. समोरचे दात बरेच दिवस हलत होते. क्लारनेट त्या दातांवर टेकवून वाजवायचं असतं. तो ओठाखाली कापडाची घडी धरून वाजवायचा. आवाजात वारा मिसळू लागला होता. पुसदला मडमचं गाणं चालू असताना त्याचा एक दात निखळून पडला आणि तो तोंडावर हात धरून खाली बसला. लोकांना वाटलं, हाही फार्सचाच भाग. ते पोट धरून हसले. उरलेले दात त्यानं अमरावतीला जाऊन काढून घेतले आणि कवळी बसवली. कवळीनं तो नीट जेवू लागला, बोलणं पहिल्यापेक्षा साफ झालं. क्लारनेट तेवढं वाजेना. तो रोज सकाळी बसून फुंकायचा. कधी कर्कश ओरडायचं, कधी नुसती हवा. आम्ही सगळे त्या वेळी काहीतरी काम काढून दूर जायचो.

गोवा मोकळा झाल्याची बातमी आली तेव्हा मालक त्याला म्हणाला, आता घरी जाता येईल तुम्हांला. चांगल्या मनानं म्हणाला की काम संपलं हे सांगण्यासाठी, मला ठरवता आलं नाही. मास्तरनं दोन दिवसांत सामान बांधलं. यवतमाळच्या छोट्या रेल्वेवर मी आणि चाचा त्याला सोडायला गेलो. क्लारनेटची पेटी त्यानं मांडीवर घेतली होती.

"गाना मत छोड, बाय," तो खिडकीतून म्हणाला.

"कोणासोबत गाऊ?"

तो विचार करू लागला. खरोखर करू लागला, एकेक माणूस डोळ्यांपुढे आणून बघत असल्यासारखा. गाडी हलली तरी त्याला कोणी सापडलं नव्हतं.

"मालूम नहीं," तो म्हणाला.

मी लग्नाच्या बँडमधला एक क्लारनेटवाला गाठून पाहिला. तरुण होता, हात चलाख. मी माझं गाणं म्हटलं की तो दोन ओळींत त्याचं सिनेमाचं करून टाकायचा. "असं गोड लागते, ताई," म्हणायचा. वाकडा सूर त्याला चूक वाटायची आणि तो मला सांभाळून घ्यायचा, सरळ सूर मोठ्यानं वाजवून. काही दिवसांनी मीच नको म्हटलं.

तोवर गावोगाव तंबूतले सिनेमे फिरू लागले होते. त्यांच्यात खरी मुंबई दिसायची, खऱ्या मडमा दिसायच्या. पडद्याच्या कापडाचा फ्रॉक बघायला कोण येणार? दोनतीन हंगाम मालकानं रेटले. मग उमरखेडला त्यानं तंबू एका मंडपवाल्याला देऊन टाकला. आम्हांला चहा पाजला आणि म्हणाला, "जा आता आपापल्या घरी." मालकाचा भाऊ पायपेटी घेऊन अकोल्याला गेला. चाचा मुलाकडे यवतमाळला गेले. मला जायला घर उरलं नव्हतं.

मी दिग्रसला जिनात लागले. बायकांच्या ओळीत बसून कापसातला कचरा वेचायचा. तिथे हवेत सतत बारीक रुई तरंगत असते. नाकात, घशात, पापण्यांवर. फडकं बांधलं तरी आत जाते. पहिल्या वर्षी बायका म्हणायच्या, मडमबाई, गाणं म्हणा, आणि मी सिनेमाचं एखादं म्हणायची. त्यांचे हात जरा लवकर चालायचे. दुसऱ्या वर्षी वरचे सूर लागेनात. मग खोकला आला आणि गेलाच नाही. मुकादम म्हणाला, सगळ्यायलेच होते, सवय होईन.

आणखी काही वर्षांनी खोकल्यासाठी यवतमाळला दवाखान्यात गेले होते. औषध घेऊन झाल्यावर एसटीला वेळ होता, म्हणून विचारत विचारत चाचांच्या मुलाचं घर शोधलं. मुलाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या. चाचा खाटेवर बसले होते. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, मग खूप आनंद झाला. तबला विकून टाकला होता. मास्तरचं काही कळलं का, त्यांनी विचारलं. मला काहीच कळलं नव्हतं.

मीच म्हणाले, "चाचा, ते कापसाचं धरा ना एकदा."

त्यांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यावर डाव्या हातानं धरलं. मी हळू आवाजात सुरू केलं. एक ओळ झाली आणि ते थांबले.

"ऐसा नहीं था, बेटी."

"असंच होतं."

"नहीं. यहाँ तू ऊपर जाती थी."

मला वर जाता येत नव्हतं, म्हणून मी ती जागा खालून घेतली होती. पण वर नेमकं काय होतं ते आठवायला गेले तर आठवेना. मी म्हणाले, इथे मास्तर काय वाजवायचा? ते म्हणाले, तुलाच माहीत असायला पाहिजे. मी म्हणाले, मी तर त्याच्या मागे मागे जायची. त्यांनी पुन्हा धरलं. या वेळी ठेका वेगळा पडला. त्यांना वाटलं तोच बरोबर, मला वाटलं नाही. वाद घालण्याइतकी खात्री आम्हां दोघांनाही नव्हती. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि मला खोकल्याची उबळ आली. सून आतून पाणी घेऊन धावली, मग तिनं चहा ठेवला आणि रेडिओ लावला.

"रहने दे," चाचा म्हणाले आणि पेटी पायानं खाटेखाली सरकवली.

चहा पिताना आम्ही त्यांच्या नातवांबद्दल बोललो. मोठा शाळेत जायला लागला होता. निघताना चाचा दारापर्यंत आले आणि औषध वेळेवर घे म्हणाले. दिग्रसच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली.

ते गाणं मी त्यानंतर कधी धरून पाहिलं नाही. आज हे लिहायला बसले तेव्हा वर दिलेल्या दोन ओळी आठवल्या. त्यापुढचे शब्द येत नाहीत, आणि त्या दोन ओळींचीही चाल मला येत नाही.